एन्झाइमची व्याख्या पाठ करू नका, एक बटाटा घ्या

एन्झाइमबद्दल काहीही वाचायला घेतलं की पहिलीच ओळ असते, "एन्झाइम म्हणजे जैविक उत्प्रेरक", आणि ती वाचून माणूस जिथे होता तिथेच राहतो कारण उत्प्रेरक म्हणजे काय हे तरी कुठे धड माहिती असतं. पुस्तकातला मराठी शब्द विकर, तो पण मी पाठ केला होता, मार्क मिळाले, डोक्यात काहीच शिरलं नाही. शिरलं ते बऱ्याच वर्षांनी, ग्लासात बटाट्याचा तुकडा टाकून पाच मिनिटं नुसतं बघत बसलो तेव्हा. म्हणून इथे उलटा क्रम ठेवलाय, आधी हाताने करून बघायचं, मग ते तसं का झालं ते बघायचं.

सामान फार नाही. एक कच्चा बटाटा, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड (मेडिकलमध्ये जखम धुवायला मिळतं ते), चार-पाच काचेचे ग्लास, किसणी, बर्फ, पांढरं व्हिनेगर, कॉफी गाळायचा कागद किंवा जाडसर टीपकागद, कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन, चिमटा आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच. बाटलीवर ६ टक्के लिहिलं असेल तर तितकंच पाणी घालून अर्धं करा. त्याहून कडक पेरॉक्साइड घेऊच नका, कातडी पांढरी पडते आणि चरचर भाजते. डोळ्यावर चष्मा असू द्या, आणि ज्या ग्लासात फेस येतोय त्याला झाकण लावायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो, का ते शेवटी येईलच.

आता ग्लासात दोन बोटं पेरॉक्साइड ओता आणि आधी नुसतं बघा. काही होत नाही. हे "काही न होणं" फार महत्त्वाचं आहे, इथे घाई करू नका. कारण हा पदार्थ मुळात फुटायलाच बसलाय, पेरॉक्साइडचे दोन रेणू मोडले की पाण्याचे दोन आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळतो, वर उष्णता पण बाहेर पडते, म्हणजे उतारच आहे, आणि तरी बाटली महिनोन् महिने फळीवर शांत बसते. का, तर मोडायच्या आधी रेणूला थोडं वर चढावं लागतं, त्याचे जुने बंध ताणावे लागतात, आणि नेहमीच्या तापमानाला तेवढी ताकद फारच थोड्या रेणूंमध्ये असते. या चढाला म्हणतात ॲक्टिव्हेशन एनर्जी. पुस्तकातला तो उंचवट्याचा ग्राफ आठवतोय का, तो ग्राफ म्हणजे ही शांत बसलेली बाटली.

आता बटाट्याचा एक तुकडा टाका. दोन-तीन सेकंदांत कडेला बारीक बुडबुडे, मग पांढरा फेस, आणि तुकडा लहान असला तर बुडबुड्यांनी उचलून वर येतो. फेस चांगला जमला की एक लाकडी काडी पेटवून विझवा, टोकाला निखारा राहील एवढीच, आणि ती फेसात घाला, निखारा एकदम लाल होतो, कधी कधी ज्योतच येते, म्हणजे तो ऑक्सिजन आहे. बटाट्यात जे एन्झाइम हे काम करतंय त्याचं नाव कॅटलेज. आपल्या रक्तात, लिव्हरमध्ये, झाडांमध्ये, हवेत जगणाऱ्या जवळपास सगळ्या जीवांमध्ये ते असतं, कारण पेशी काम करताना पेरॉक्साइड आपोआप तयार होतं, ते साठलं तर पेशीचंच नुकसान करतं, म्हणून ते लगेच मोडणारं कुणीतरी घरातच लागतं. जखमेवर पेरॉक्साइड टाकलं की फेस येतो तो पण याच कॅटलेजमुळे, बरेच लोक समजतात की जंतू मरताना फसफसतात, तसं नाहीये.

ही फेसाची गोष्ट एकदा वैद्यकात फार कामाला आली. १९४० च्या दशकात जपानमधले कान-नाक-घशाचे डॉक्टर शिगेओ ताकाहारा एका मुलीच्या तोंडातली जखम पेरॉक्साइडने धूत होते, आणि फेस आलाच नाही, उलट रक्त काळपट पडलं. त्या मुलीच्या रक्तात कॅटलेजच नव्हतं, त्या स्थितीला आता अकॅटलेसीमिया म्हणतात. म्हणजे "काहीच झालं नाही" हा पण निकाल असतो, तो वहीत लिहायचा.

आता खरं विचारायचं ते, संपलं कोण?

दहा-पंधरा मिनिटांनी फेस मंदावतो. इथे बहुतेक जण ग्लास धुऊन ठेवतात आणि अख्ख्या प्रयोगातली सगळ्यात भारी गोष्ट हुकवतात. फेस थांबला म्हणजे दोघांपैकी एक संपलं, पेरॉक्साइड तरी किंवा एन्झाइम तरी. कोण ते शोधायचं. फेस पूर्ण थांबेपर्यंत थांबा, घाई असेल तर पेरॉक्साइड थोडं कमी घेऊन परत करा. मग ग्लासातलं पाणी दुसऱ्या ग्लासात ओतून घ्या, त्यात ताज्या बटाट्याचा तुकडा टाका, आणि जुन्या तुकड्यावर ताजं पेरॉक्साइड ओता. ताजा बटाटा जुन्या पाण्यात ढिम्म बसून राहतो. जुना, वापरलेला तुकडा मात्र पुन्हा फसफसायला लागतो!

बस, एन्झाइम म्हणजे काय आणि उत्प्रेरक म्हणजे काय ते इथे दिसलं. ज्याच्यावर काम करायचं तो पदार्थ, म्हणजे सबस्ट्रेट, तो संपतो, आणि काम करणारा जसाच्या तसा उरतो आणि पुढच्या रेणूला हात घालतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी फेस थोडा कमी येईल, त्याने गोंधळू नका, थोडं कॅटलेज पाण्याबरोबर वाहून जातं आणि थोडं पेरॉक्साइडच्या माऱ्याने हळूहळू खराब होतं. "एन्झाइम कधीच संपत नाही" असं जे लिहितात ते जरा वाढवून असतं, पेशीत सुद्धा जुनी एन्झाइम मोडून नवी बनवत राहावी लागतात.

आता हे उरणं कसं जमतं ते जवळून बघू, कारण कॅटलेजमध्ये ते फार सुंदर आहे. कॅटलेज हे प्रथिन, म्हणजे अमिनो ॲसिडची लांबच लांब माळ विशिष्ट पद्धतीने घडी घालून झालेला गोळा, आणि असे चार गोळे एकमेकांत गुंतलेले. प्रत्येकाच्या आत खोल एक हीम, म्हणजे मधोमध लोखंडाचा एक अणू असलेला छोटा रेणू, हिमोग्लोबिनमध्ये असतो तसाच. तिथपर्यंत जायला एक चिंचोळी वाट आहे, पेरॉक्साइडसारखा लहान रेणूच आत घुसू शकतो. पहिला रेणू आत जातो, आपला एक ऑक्सिजन लोखंडाकडे सोडतो आणि उरलेला पाणी होऊन बाहेर येतो. आता लोखंड ऑक्सिजन धरून बसलंय. मग दुसरा रेणू येतो, तो ऑक्सिजन काढून घेतो, त्यातून ऑक्सिजन वायू आणि पाणी होतं, लोखंड परत मोकळं, पहिल्यासारखं. एक मोठा चढ होता त्याचे दोन छोटे चढ झाले, इतकंच. हे एक एन्झाइम सेकंदाला लाखोंनी रेणू असे पार करतं, चांगल्या परिस्थितीत आकडा कोटीच्या घरात जातो. सगळी एन्झाइम अशी वेगवान नसतात हं, अश्रूंमध्ये जंतूंची भिंत कापणारं लायसोझाइम असतं ते दोन सेकंदांत जेमतेम एक काम उरकतं, आणि तेवढ्यावर त्याचं भागतं.

ज्या जागी हे घडतं तिला ॲक्टिव्ह साइट म्हणतात. एमिल फिशरने १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली, ती अजून सगळीकडे छापतात, आणि मला ती अर्धीच पटते. कुलूप किल्लीने उघडतं, ठीक, पण कुलूप स्वतः हलत नाही, एन्झाइम हलतं. सबस्ट्रेट आत आला की ते त्याच्याभोवती आवळतं, थोडं वाकतं, ही सुधारणा डॅनियल कॉशलंडने १९५८ मध्ये मांडली, इंड्यूस्ड फिट म्हणतात तिला. आणि माझ्या मते खरा मुद्दा अजून वेगळाच आहे, एन्झाइमची पकड सगळ्यात घट्ट बसते ती रेणू अर्धवट मोडलेल्या अवस्थेत असताना, चढाच्या अगदी टोकावर. म्हणून तर चढ कमी होतो. आधीच्या साबूत रेणूवरच पकड घट्ट बसली असती तर तो तिथेच अडकून पडला असता.

रस काढा आणि घड्याळ लावा

नुसता फेस बघून "जास्त", "कमी" म्हणणं बरं, पण मोजता आलं तर मजा वेगळी. अर्धा बटाटा किसा, अर्धा कप गार पाणी घाला, फडक्यातून पिळून गाळा. हा रस थोड्या वेळात तपकिरी पडतो, ते दुसऱ्याच एका एन्झाइमचं काम आहे, आपल्या प्रयोगाला त्रास नाही, पण रस बर्फात ठेवा आणि तासाभरात वापरा.

(जाता जाता, हेच किसून-गाळून काढलेल्या रसाचं काम एदुआर्द बुखनरने १८९७ मध्ये यीस्टवर केलं होतं, वाळू घालून यीस्ट कुटलं, दाबून रस काढला, आणि त्यात एकही जिवंत पेशी नसताना साखरेचा अल्कोहोल झाला. तोपर्यंत बऱ्याच मोठ्या लोकांना वाटायचं की आंबायला जिवंत जीवच पाहिजे. १९०७ चं रसायनाचं नोबेल त्याला यावरच मिळालं. एन्झाइम हा शब्द त्याच्या आधीचा, विल्हेल्म क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने काढलेला, ग्रीकमध्ये अर्थ होतो "यीस्टमध्ये".)

पंचिंग मशीनने कागदाच्या गोल टिकल्या पाडा. एक टिकली चिमट्याने रसात बुडवा, जास्तीचा रस झटका, आणि पेरॉक्साइडच्या ग्लासात तळाशी नेऊन सोडा. सोडल्या क्षणी स्टॉपवॉच चालू. टिकलीखाली ऑक्सिजनचे बुडबुडे जमतात, आणि पुरेसे जमले की टिकली सुळकन वर येते. तो वेळ लिहा. वेळ कमी म्हणजे एन्झाइम जोरात. प्रत्येक वेळी तीन टिकल्या टाकून सरासरी काढा, एकीवर कधीच विसंबू नका, कागदात हवा अडकली असेल तर ती उगाच लवकर वर येते. आणि एक टिकली नुसत्या पाण्यात बुडवून टाकायची, ती तळाशीच राहिली पाहिजे. ही कंट्रोलची टिकली. कंटाळा येतो, मला पण येतो, पण तिच्याशिवाय तुमच्या बाकीच्या आकड्यांना काही अर्थ नाही.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलत जा.

आधी रस अर्धा पातळ करा, वेळ वाढेल, एन्झाइम कमी तर काम कमी, हे सरळ आहे. उलट रस तोच ठेवून पेरॉक्साइड कमी-जास्त केलं तर मात्र वेग कायम वाढत जात नाही. कुठल्याही एन्झाइमचा विचार करा, सगळ्या ॲक्टिव्ह साइट भरलेल्या असल्या की बाहेर कितीही रांग लावा, आत जागा मोकळी झाल्याशिवाय पुढचा जाणार नाही. या सपाट होत जाणाऱ्या वेगाचं गणित लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये बसवलं. कॅटलेज त्या गणितात तंतोतंत बसणारं नाही, त्यामुळे घरच्या ग्राफवरून फार मोठे निष्कर्ष काढायला जाऊ नका.

मग तापमान. रस आणि पेरॉक्साइड दोन्ही बर्फात ठेवून करा (नुसता रस गार करून उपयोग नाही, ही चूक सगळे करतात), नेहमीच्या खोलीत करा, मग दोन्ही ४० अंशाच्या कोमट पाण्यात ठेवून करा, आणि शेवटी रस उकळून. गार असताना टिकली रेंगाळते, गरम झालं की लवकर येते कारण रेणू जोरात हलतात, जास्त वेळा भेटतात आणि जास्त जणांकडे चढ चढायची ताकद असते, आणि ५०-६० अंशांच्या पुढे मामला घसरतो. उकळलेल्या रसाची टिकली तळाशी बसून राहते. बटाट्याचा तुकडा उकळून करणार असाल तर बारीक कापून उकळा, मोठा तुकडा मधून कच्चा राहतो आणि मग फेस आला की आपण म्हणतो उकळून पण चालतंय की.

आता यातली गंमत, बर्फातला रस परत खोलीच्या तापमानाला येऊ द्या, टिकली पुन्हा पहिल्यासारखी पळते. फ्रीझरमध्ये गोठवलेला बटाटा वितळल्यावर तर कच्च्यापेक्षाही जोरात फसफसू शकतो, कारण बर्फाने पेशी फुटून कॅटलेज बाहेर आलेलं असतं. पण उकळलेला रस कितीही वेळ गार करा, तो गेला तो गेला. थंडीने एन्झाइम नुसतं सुस्त होतं, उष्णतेने त्याची घडी उसवते, आणि एकदा माळ उसवून गुंता झाला की ॲक्टिव्ह साइट नावाची जागाच उरत नाही. याला डिनेचर होणं म्हणतात. कृपया "एन्झाइम मरतं" लिहू नका, ते जिवंत कधी होतं?

घडी किती नाजूक असते ते बघायचं असेल तर सयामी मांजर आठवा, अंग फिक्कं आणि कान, शेपूट, पंजे, नाक गडद. रंगद्रव्य बनवणारं टायरोसिनेज नावाचं एन्झाइम त्या मांजरात जरा कच्च्या घडीचं असतं, अंगाच्या उबेला ते काम सोडतं आणि जिथे कातडी थंड तिथेच चालतं. पिल्लं जन्मतात तेव्हा जवळपास पांढरीच असतात, आईच्या पोटात सगळीकडेच ऊब.

व्हिनेगरचा प्रयोग सोपा आहे, रसात थोडं व्हिनेगर घालून पाच मिनिटं ठेवा आणि टिकली टाका, एकदम मंदावते किंवा येतच नाही. आम्ल बदललं की अमिनो ॲसिडवरचे प्लस-मायनस बदलतात, आणि घडी त्याच ओढाताणीवर उभी असते. पण म्हणून "आम्ल एन्झाइमचं शत्रू" असं पण नाही, पोटातलं पेप्सिन सामू (म्हणजे पीएच) २ च्या आसपासच्या जळजळीत आम्लात खूश असतं आणि पुढे लहान आतड्यातलं ट्रिप्सिन साधारण ८ ला. जो तो आपल्या जागेपुरता घडलेला.

दुसरं एन्झाइम, तुमच्या तोंडातलं

प्रत्येक एन्झाइमचं काम ठरलेलं असतं हे बघायला थुंकी घ्या. चिमूटभर स्टार्च कपभर पाण्यात उकळून गार करा, दोन ग्लासांत वाटा, एकात चमचाभर लाळ आणि दुसऱ्यात चमचाभर पाणी. दोन्ही कोमट ठेवा, आणि दर मिनिटाला प्रत्येकातला एक थेंब बशीत काढून त्यावर आयोडीनचा थेंब. पाण्यातला शेवटपर्यंत निळा-काळा, लाळेतला आधी जांभळट, मग तांबूस, मग नुसता आयोडीनचा पिवळा, कारण लाळेतल्या अमायलेजने स्टार्चची साखळी कापली. हाच प्रयोग आम्ल घालून करायचा असेल तर लिंबू वापरू नका, व्हिनेगरच घ्या. लिंबातलं व्हिटॅमिन सी आयोडीनचा रंग स्वतःच घालवतं आणि आपल्याला वाटतं अमायलेज काय सुसाट आहे! मी एक अख्खी दुपार यात घालवलीये.

आता कापूस चावून बघा, तासभर चावा, काही होणार नाही. कापूस म्हणजे सेल्युलोज, ती पण ग्लुकोजचीच माळ, स्टार्चसारखीच, फक्त मणी ओवायची दिशा वेगळी, आणि तेवढ्या फरकाने अमायलेज त्याला हात लावत नाही.

इथपर्यंत आलात तर दोन गोष्टी, ज्या ग्लासात दिसत नाहीत. एक म्हणजे एन्झाइम दिशा ठरवत नाही, फक्त वेळ वाचवतं. लाल रक्तपेशीतलं कार्बॉनिक अनहायड्रेज बघा, स्नायूंपाशी कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट करतं आणि तेच एन्झाइम फुप्फुसात नेमकं उलट करतं, जिकडे ढीग जास्त तिकडून कमीकडे. पण वेळ वाचवणं म्हणजे किती हे ऐका, आरएनएचा कच्चा माल बनवताना एक पायरी लागते, ती एन्झाइमशिवाय पाण्यात सोडली तर निम्मे रेणू बदलायला साधारण ७ कोटी ८० लाख वर्षं लागतील, एन्झाइमला सेकंदसुद्धा लागत नाही.

दुसरी म्हणजे थांबवणं. शरीर एन्झाइम नुसती चालवत नाही, रोखतं पण, बऱ्याचदा शेवटी तयार झालेला मालच परत येऊन पहिल्या एन्झाइमला चिकटतो आणि लाइन बंद करतो. औषधं पण हेच करतात. ॲस्पिरिन सायक्लोऑक्सिजनेज नावाच्या एन्झाइमच्या वाटेत कायमचं पाचर ठोकतं, आणि रक्तातल्या प्लेटलेटमध्ये केंद्रक नसल्यामुळे त्यांना नवं एन्झाइम बनवता येत नाही, म्हणून गोळीचा परिणाम त्या प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यभर, आठवडा-दहा दिवस, राहतो.

आवरताना, ग्लासातलं सगळं भरपूर पाण्याबरोबर मोरीत ओतून टाका, लाळेचे ग्लास साबणाने धुवा. आणि उरलेलं पेरॉक्साइड, ज्यात टिकली किंवा तुकडा बुडालाय ते, परत बाटलीत ओतू नका. मी ओतलं होतं, वाया कशाला घालवायचं म्हणून, आणि झाकण पण घट्ट लावलं. रसाचे चार थेंब गेले असतील नसतील. सकाळी बाटली बेडकासारखी फुगलेली, झाकण सोडवलं तर फुस्स करून अर्धं टेबल ओलं, आणि आत जे राहिलं होतं त्यात बटाटा टाकला तर एक बुडबुडा आला नाही, नुसतं पाणी.